लाभ, दोन, तीन

कळमखेडच्या विद्यालयात रज्जाक सरांनी सत्तावीस वर्षं बीजगणित आणि भूमिती शिकवली. या सत्तावीस वर्षांत फळ्यावर आपलं एकही गणित चुकलं नाही, असं ते स्वतः सांगत. ज्यांना ते सांगत त्यांना चूक शोधण्याइतकं गणित येत नसल्यामुळे हा विक्रम अबाधित होता. डोणगावपासून सात किलोमीटर आत असलेल्या गावात विक्रम करायला दुसरं असतं तरी काय?

अशा माणसाला जून महिन्यात मुख्याध्यापक वामनराव यांनी खोलीत बोलावलं, चहा मागवला, आणि चहा अर्धा झाल्यावर सांगितलं की यंदापासून बीजगणित नव्या मॅडमकडे आणि सरांकडे सामान्य गणित.

सामान्य गणित म्हणजे ज्या मुलांना बीजगणित-भूमिती झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारनं काढलेला सोपा मार्ग. रोजच्या व्यवहारातलं, उपयोगाचं गणित: भिंतीला रंग किती लागेल, टाकीत पाणी किती मावेल, सरासरी कशी काढावी. पुस्तक चांगलं होतं. पण 'सामान्य' हा शब्द सरांच्या घशात बाभळीच्या काट्यासारखा अडकला. चहा तसाच ठेवून ते उठले.

गावानं तर बातमी आणखी सोपी करून टाकली. "रज्जाक सरले सामान्य केलं म्हन्ते," असं सलूनमध्ये बोललं गेलं. घरी शकीलाभाभींनी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटत म्हणाल्या, "बरं झालं. आता तरी भाजीचा हिशेब तुमाले जमन."

पहिल्या तासाला सर वर्गात गेले तर समोर एकच मुलगी. जयमाला. शालूबाईंची नात, आठवीपासून बीजगणितानं छळलेली. बाकीच्यांनी अजून लाज सोडून नाव दिलं नव्हतं.

"एकच?" सर म्हणाले. तो 'एकच' असा काही निघाला की जयमालाही वळून मागे पाहू लागली, अजून कोणी आहे का म्हणून. हळूहळू आकडा अकरावर गेला, पण हजेरीपटावर एक नंबर तिचाच राहिला. सर हजेरी नावानं घेत नसत, नंबरानं घेत. नावात वेळ जातो असं त्यांचं मत होतं. रोज सकाळी ते "एक" म्हणत आणि त्या 'एक'मध्ये सत्तावीस वर्षांचा अपमान ओतत. जयमाला "हजर सर" म्हणे.

ऑक्टोबर उजाडला आणि प्रकल्पाची वेळ आली. पुस्तकात सुचवलं होतं: आपल्या घराच्या दिवाणखान्याच्या भिंतींचं क्षेत्रफळ काढा. अकराही जणांनी दिवाणखाना म्हणजे काय ते विचारलं. मग जयमालानं दुसराच प्रश्न केला.

"सर, पैसेवारी कशी काढते? आजी रोज म्हन्ते, यंदा पैसेवारी पन्नासच्या आत पायजे."

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण पैसेवारीचा पैशांशी काही संबंध नाही. चांगल्या सालचं पीक एक रुपया धरायचं आणि यंदाचं पीक त्यात किती पैसे आलं ते सांगायचं. पन्नासच्या आत आलं तर गाव दुष्काळी ठरतं, मग वसुली थांबते, सवलती मिळतात, दहावीच्या पोरांची परीक्षा फी माफ होते. पन्नासच्या वर गेलं तर सरकारच्या दृष्टीनं गावात आबादीआबाद. हा आकडा पाच-सहा माणसांची समिती ठरवते, आणि पहिला अंदाज नजरेनं काढते. कागदावर त्याचं नावच 'नजर अंदाज'.

"नजरेनं?" रज्जाक सरांच्या अंगात सत्तावीस वर्षांचं बीजगणित जागं झालं. "नजरेनं गणित होते काय बे? आपण मोजू. बोंडं मोजू. शंभर झाडं, सरासरी, शेकडेवारी. सामान्य गणित काय असते ते दाखवू गावाले." सर उत्साहात आले की वऱ्हाडीत येत.

पण बोंडं मोजायला कपाशी लागते, आणि आपल्या वावरातली बोंडं मोजू देणारा माणूस गावात निघेना. कोणी म्हणालं नजर लागेल. कोणी म्हणालं, आज पोट्टे मोजतील, उद्या बँकवाले येतील. वामनरावांना परवानगीचा कागद हवा होता. सरांनी कृषी कार्यालयाला लिहिलं. आठ दिवसांनी निरोप आला की बोंड मोजणे ही बाब कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, बोंडअळी येते. सरांनी मग महसूलकडे लिहिलं. तिथून विचारणा झाली की अर्जदाराची जमीन कोणत्या गटात आहे. सरांना गटच नव्हता. भाड्याचं घर आणि एक लिंबाचं झाड, एवढीच त्यांची स्थावर बाजू.

शेवटी शालूबाई तयार झाल्या. नाल्याकाठी त्यांचं अडीच एकर वावर होतं. बीटीचं बियाणं, खालच्या अंगाला काळी जमीन आणि वरच्या अंगाला नुसती मुरमाड बरड. धुऱ्यावर म्हणजे बांधावर काठीला उलटं काळं मडकं लावलेलं, त्यावर चुन्यानं डोळे आणि दात. शालूबाईंनी आधी अटी सांगितल्या.

"मास्तर, मोजा. पन उभ्या पिकात 'एक' म्हनाचं नाई. पहिलं बोंड लाभ. लाभ, दोन, तीन, असं. खळ्यावर आमी असंच मोजतो."

"आमच्यातही धान्य मोजताना एक म्हणत नाहीत," सर म्हणाले. "बरकत म्हणतात. बरकत, दोन, तीन."

"मंग झालं. ज्याले जे येते ते म्हना. फकत एक नका म्हनू, नाईतर मडकं लावून काय फायदा?"

शास्त्रीय प्रयोगाला ही अट घालून घेताना सरांना किंचित टोचलं, पण वावर मिळत होतं.

मोजणीच्या दिवशी सर पांढरा बुशशर्ट घालून आले. धुऱ्यावर उभे राहून त्यांनी नियम सांगितले. कोणतं झाड मोजायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरेल, म्हणजे आपल्या आवडीचं झाड निवडता येणार नाही. एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. मोजणारा शेवटी जे बोलेल तेच लिहायचं, लिहिणाऱ्यानं स्वतःची अक्कल लावायची नाही. हा शेवटचा नियम सरांनी दोनदा सांगितला आणि अकराही जणांनी तो मनापासून पाळला. त्या वर्गाला अक्कल लावू नका असं प्रथमच कुणी नियम म्हणून सांगत होतं. एरवी ते शेऱ्यात असे.

काम सुरू झालं. एकीकडून दीपक "लाभ, दोन, तीन" ओरडत होता, दुसरीकडून फैजान "बरकत, दोन, तीन." अलीजा आणि जयमाला लिहीत होत्या. मध्येच वाद निघाला की अळीनं खाल्लेलं बोंड हे बोंड आहे की नाही. सरांनी निवाडा दिला की अर्ध्याहून जास्त शाबूत असेल तर आहे. लगेच फैजान एक बोंड घेऊन आला जे बरोबर अर्धं होतं. सर त्याच्याकडे बारकाईनं पाहत मागे सरकले आणि मुंगळ्यांच्या वारुळावर उभे राहिले.

पुढची पंधरा मिनिटं सरांचं गणिताकडे लक्ष नव्हतं. ते नाल्याच्या बाजूला बाभळीआड गेले होते आणि तिथून पँट झटकल्याचा आवाज येत होता. नेमकी त्याच वेळी मुलं वरच्या बरड पट्ट्यात पोचली. तिथल्या कपाशीच्या पऱ्हाटीवर लाल्या रोग पडला होता. पानं लालभडक आणि झाडाला जेमतेम एक बोंड. दीपक झाडापुढे उभा राही, "लाभ!" म्हणे आणि पुढे जाई. पुढे मोजायला काही नसे.

"सर!" जयमालानं बाभळीच्या दिशेनं ओरडून विचारलं. "लाभ लिहू का एक लिहू?"

"जे बोलला ते लिही!" बाभळ ओरडली. "शब्दशः!"

जयमालानं शब्दशः लिहिलं. अलीजानं फैजानचंही शब्दशः लिहिलं. मग चिठ्ठ्यांच्या क्रमानं दोघींचं एकाच वहीत उतरवलं गेलं, आणि रकान्यात बावीस, एकोणीस, लाभ, लाभ, सव्वीस, बरकत, लाभ असे आकडे आणि शुभेच्छा एकाखाली एक बसत गेले.

दुसऱ्या दिवशी दीपक वही घेऊन शाळेच्या कॉम्प्युटरपाशी गेला. या कॉम्प्युटरवर वामनरावांशिवाय कुणी बोट ठेवत नसे. त्याला शेवाळी रंगाचं कव्हर होतं आणि गुरुवारी उदबत्ती. लोडशेडिंगमुळे वीज तीनला जाणार होती, सरांचा वर्गावर तास होता, म्हणून वामनरावांनी एकट्यानंच एका बोटानं सगळं टाकलं. मध्ये मध्ये 'लाभ' दिसला तेव्हा त्यांना बरंच वाटलं. वहीत लाभ लिहिलेला चांगलाच असतो, त्यांच्या मेहुण्याच्या दुकानात पहिल्या पानावर असतोच. तोही त्यांनी टाकला.

सर तास संपवून धावत आले तेव्हा पडद्यावर सरासरी आलेली होती. झाडामागे बावीस बोंडं. गावातल्या दहा शेतकऱ्यांनी चांगल्या सालची बोंडं तीस सांगितली होती. तिसात बावीस म्हणजे शेकडा त्र्याहत्तर.

"त्र्याहत्तर पैसे!" सर म्हणाले. वीज गेली, पण सरांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला नाही.

तिथेच त्यांनी थांबायला हवं होतं. पण बस थांब्यासमोर शाळेचा सुविचाराचा फळा होता, आणि सरांकडे रंगीत खडू होते. सुविचार पुसून त्यांनी लिहिलं: 'कळमखेड, कपाशीची पैसेवारी ७३ पैसे. शास्त्रीय पद्धतीने. सामान्य गणित वर्ग.' 'सामान्य' खाली दोन रेघा मारल्या.

शालूबाई बाजाराच्या गाडीतून उतरल्या आणि नातीकडून फळा वाचून घेतला. "त्र्याहत्तर? माह्या वावरात?" त्यांनी सरांना गाठलं. "मास्तर, वरचं अंग पाह्यलं का तुमी?"

सरांनी त्यांना वीस मिनिटं समजावलं की एकेक झाड पाहून मत बनवू नये, सरासरी ही सगळ्या झाडांची असते. शालूबाई शेवटी म्हणाल्या, "हाव, बरोबरच असन. तुमी शिकलेले." सरांना हे त्या वेळी कौतुक वाटलं.

पुढचा वाचक जानराव पटवारी. सरकारी कागदावर तलाठी. मोटारसायकल थांबवून त्यांनी फळा वाचला, खिशातून डायरी काढली आणि उतरवून घेतला. परवा शुक्रवारी पैसेवारीची समिती ग्रामपंचायतीत बसणार होती, मंडळ अधिकारी स्वतः येणार होते, आणि शास्त्रीय पद्धत असा शब्द जानरावांच्या आयुष्यात प्रथमच फुकट हाती लागला होता.

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं. सरपंच तुळशीराम घरी आले ते चप्पल न काढताच बोलू लागले. "सर, तुमी कोनाच्या बाजूचे? शुक्रवारी ह्या आकड्यावर सही झाली का गाव दुष्काळातून गेलं. मेहकर तालुक्यात आमीच एकटे श्रीमंत!"

"तुळशीरामभाऊ, गणित कोणाच्या बाजूचं नसतं."

"मंग त्याले शाळेत ठेवा. वावरात काऊन आनलं?"

दुसऱ्या दिवशी सलूनवाल्यानं सरांना पाहून खुर्चीवर टॉवेल टाकला, म्हणजे जागा नाही. दूधवाल्यानं विचारलं, "त्र्याहत्तर सर, किती देऊ?" हे नाव दुपारपर्यंत शाळेत पोचलं. वामनरावांनी बोलावलं, या वेळी चहाशिवाय, आणि दहावीचे एकशे बारा फॉर्म टेबलावर ठेवले. फी माफ धरून भरलेले. कॉम्प्युटर कधी चुकत नाही हे मात्र त्यांनी आपणहून सांगितलं.

सरांना खरंच वाईट वाटत होतं. ही एकशे बारा पोरं त्यांचीच होती. पण लोकांना नको म्हणून बेरीज बदलायची, तर मग सत्तावीस वर्षं शिकवलं काय? ते जेवले नाहीत. शकीलाभाभींनी ताट झाकून ठेवलं आणि शुक्रवारी सकाळी चहा देताना म्हणाल्या, "आकडा नका बदलू. पन वावर तरी पाहून या एकदा. त्या दिवशी तर तुमी मुंगळेच पाह्यले."

सर गेले. वरच्या अंगाला उभे राहिले. लाल, खुरटलेली झाडं, आणि प्रत्येकावर एकेक बोंड, तेही किडमिडं. धुऱ्यावरचं मडकं दात काढून त्यांच्याकडे पाहत होतं. नजर सांगत होती की हे त्र्याहत्तर नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांना आपल्या बेरजेपेक्षा आपल्या नजरेवर जास्त विश्वास वाटला, त्यानं ते फार घाबरले.

पहिल्या तासाला त्यांनी वही मागवली. "जयमाला, मोठ्यानं वाच. आपण सगळे तोंडी बेरीज करू."

जयमाला उभी राहिली. "बावीस. एकोणीस. लाभ. लाभ. सव्वीस. बरकत. लाभ..."

"थांब." सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. "हे लाभ म्हणजे?"

"एक बोंड, सर. तुमी म्हनले शब्दशः लिही."

"आणि कॉम्प्युटरमध्ये?"

"हेडसरनं शब्दशःच टाकलं," दीपक म्हणाला.

कॉम्प्युटरला मराठी रीत माहीत नव्हती. त्याला आकडे कळत होते, शब्द कळत नव्हते. जिथे शब्द दिसला ते झाडच त्यानं हिशेबातून उपटून टाकलं होतं. वर्गानं मोजलं: लाभ आणि बरकत मिळून बेचाळीस झाडं. उरलेल्या अठ्ठावन्न झाडांवर बाराशे शहात्तर बोंडं, त्याचीच सरासरी बावीस आली होती. नाल्याकाठची सगळी चांगली झाडं सरासरीत आली होती आणि बरडावरची सगळी गरीब झाडं बाहेर राहिली होती.

"आता बेचाळीस मिळवा," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"तेराशे अठरा," फैजान म्हणाला.

"आणि भागिले?"

"शंभर, सर," जयमाला लगेच म्हणाली. "झाडं तर शंभरच होती. मी त्या दिवशीच सांगनार होते, पन तुमी फळा लिहून राह्यले होते."

तेरा पूर्णांक अठरा शतांश. तिसात तेवढे म्हणजे जवळजवळ चव्वेचाळीस पैसे. सरांनी घड्याळ पाहिलं. समिती अकराला होती आणि अकराला दहा मिनिटं होती. ते तसेच निघाले. हातात वही, मागे अकरा मुलं, आणि रस्त्यात ते फळ्यापाशी एवढ्यासाठीच थांबले की रुमालानं त्र्याहत्तर पुसता यावं. रुमाल पांढरा होता.

ग्रामपंचायतीत सगळे जमले होते. जानराव नुकतेच डायरी उघडून 'शास्त्रीय पद्धतीने' म्हणाले होते आणि मंडळ अधिकारी, ज्यांना गाव सर्कलसाहेब म्हणतं, पेनाचं टोपण काढत होते. रज्जाक सर दारात उभे राहिले.

"साहेब, तो आकडा चुकला आहे."

तुळशीराम उठून उभे राहिले. शालूबाई मागे बायकांत बसल्या होत्या, त्यांनी पदर सावरला.

"चुकला? कोणाची चूक?" सर्कलसाहेबांनी विचारलं.

वामनराव समितीच्या चहाला आले होते, त्यांनी छताकडे पाहिलं. जयमालानं खाली पाहिलं. कॉम्प्युटर तर तिथे नव्हताच. त्याच्यावर ढकलणं सगळ्यात सोपं होतं. सरांच्या मनात ते आलंही.

"माझी," सर म्हणाले. "लिहायचा नियम मीच चुकीचा घातला. मुलीनं विचारलं होतं, मी ऐकलं नाही. आणि फळ्यावर मीच लिहिलं."

सत्तावीस वर्षांचा विक्रम तिथे, मस्टर ठेवायच्या टेबलासमोर, पन्नास माणसांच्या साक्षीनं मोडला. कुणी हसलं नाही. सलूनवाला होता, तोही नाही.

सर्कलसाहेबांनी वही घेतली आणि पानं उलटली. "हे काय लिहिलंय? लाभ, लाभ, लाभ. पानभर लाभ आणि बरकत? आणि पीक कमी म्हणता?"

सर सांगायला गेले, पण मागून शालूबाई बोलल्या.

"साहेब, जिथी एकच राह्यते ना, तिथीच आमी लाभ म्हनतो. लय असन तिथी नुसतं मोजतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "खरा आकडा?"

"चव्वेचाळीस," अकरा जण एकदम म्हणाले.

साहेबांनी समितीचा कागद पुढे ओढला. तुळशीरामांनी मोटारसायकलवरून शिवार पाहून नजरेनं लिहिलेला आकडा त्यावर आधीच होता: पंचेचाळीस. एवढा उपद्व्याप, मुंगळे, दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार आणि एक रुमाल खर्च करून गणित नजरेच्या एक पैसा जवळ पोचलं होतं. तुळशीरामांनी मिशीवरून हात फिरवला. साहेबांनी मात्र पंचेचाळीस खोडून चव्वेचाळीस केलं आणि शेजारी लिहिलं: शास्त्रीय पद्धतीने. बाहेर येताना सलूनवाला म्हणाला, "सर, या संध्याकाळी. खुर्ची मोकळीच हाय."

शनिवारी सकाळची शाळा. सर वर्गात आले, फळा पुसला, हजेरीपट उघडला. नेहमीप्रमाणे पेन पहिल्या ओळीवर ठेवलं आणि तोंड उघडलं. पण 'एक' म्हटलं नाही. जूनमधला रिकामा वर्ग त्यांना आठवला, आणि मागे वळून पाहणारी ती मुलगी. त्यांना फार लाज वाटली. 

"लाभ," सर म्हणाले.

वर्गानं पहिल्या ओळीकडे पाहिलं. मग पहिल्या बाकावरून जयमाला उठली.

"हजर सर."

"दोन," सर म्हणाले, आणि हजेरी पुढे गेली.